शेल्टरमध्ये आलेलं जनावर नव्या घरी कसं जातं: सोलापुरातल्या नव्या स्वयंसेवकांसाठी

शेल्टरमध्ये मदतीला येणाऱ्या नव्या मुलामुलींची समजूत असते की इथलं काम म्हणजे कुत्र्या-मांजरांना खाऊ घालायचं आणि त्यांना जवळ घ्यायचं. तेही करावं लागतंच. पण दिवसाचा मोठा भाग झाडू, बादली, औषधांच्या वेळा आणि नोंदवही यांत जातो. त्यातही वहीबद्दल मी जरा जास्तच आग्रही आहे. ज्या जनावराबद्दल आपल्याला नीट माहिती आहे, ते योग्य घरी जातं आणि तिथे टिकतं. ज्याच्याबद्दल आपण "एकदम गरीब आहे हो, काही करत नाही" असं मोघम सांगून मोकळे झालो, ते महिन्याभरात रिक्षातून परत येतं. खाली जे सांगतोय ते फोन येण्यापासून नव्या घरी स्थिरावण्यापर्यंतच्या क्रमाने आहे. कुत्री आणि मांजरं एवढ्यापुरतंच.

१. फोन: इथेच निम्मं काम होतं

सगळ्यात जास्त येणारा फोन म्हणजे, "आमच्या गल्लीतलं कुत्रं घेऊन जावा की ओ." कुत्रं धडधाकट असतं, फक्त भुंकतं. अशा वेळी चिडू नका, पण नियम स्पष्ट सांगा. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे भटक्या कुत्र्याची नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं. कानाचा कोपरा कापलेला दिसला तर हे काम झालेलं आहे. निरोगी कुत्रं कायमचं उचलून शेल्टरमध्ये कोंडलं, तर त्या जागी दुसरं येतं आणि आपल्याकडे जखमी जनावराला जागा उरत नाही.

जखमी जनावराचा फोन असेल तर आधी ठिकाण विचारा आणि जवळची ठळक खूण. "होटगी रोडवर" एवढ्यावरून कुणी काही शोधू शकत नाही. फोटो मागवा. उभं राहतंय का, रक्त किती जातंय, कुणाला चावलंय का, हे विचारा. फोन करणाऱ्याला तिथेच थांबायला सांगा, कारण तो निघून गेला की जनावर सरपटत कुठेतरी आडोशाला जातं आणि आपण गाडी घेऊन गल्ल्या शोधत बसतो. गाई-म्हशींसाठी आणि खेड्यातल्या जनावरांसाठी पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या दवाखान्याचा १९६२ हा क्रमांक द्या. कुणी पोपट किंवा चांदणी कासव "सांभाळायला" आणून देत असेल तर ते घेऊ नका. ते वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. आपण ते ठेवूही शकत नाही आणि दत्तकही देऊ शकत नाही. वन विभागाचा क्रमांक १९२६.

तिसरा प्रकार सगळ्यात अवघड: मालकालाच जनावर नको झालंय. सोलापुरात याची कारणं ठरलेली आहेत. मुलगा पुण्याला नोकरीला गेला, त्याच्या हौसेचा लॅब्रॅडोर आता सत्तरीच्या आईवडिलांना ओढत फिरवतो. घरमालकाने नोटीस दिली. घरात बाळ आलं. नळाला काही दिवसांआड पाणी, त्यात रोज अंगण कोण धुणार? यातलं प्रत्येक कारण नीट ऐकून घ्या. पुष्कळदा अडचण जनावराची नसून एका सवयीची असते. नसबंदी न केलेला नर घरभर मुतत असेल तर नसबंदीने बऱ्याचदा फरक पडतो. ओढत असेल तर हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) आणि फिरवायला एक पगारी मुलगा, एवढ्यावर भागतं. मार्ग निघालाच नाही, तर त्यांना विचारा की नवीन घर मिळेपर्यंत ते स्वतःकडे ठेवतील का. आपण जाहिरात करू, घर तपासू, जनावर मात्र थेट जुन्या घरातून नव्या घरी जाईल. माझ्या मते हाच सगळ्यात चांगला मार्ग, आणि नवे स्वयंसेवक तो सुचवायला उगाच लाजतात.

"मग आम्ही सोडून देतो हायवेला" असं कुणी म्हणालं तर प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० सांगता येतो. भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडणं हा कलम ११ खाली गुन्हा आहे. दंड मात्र पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये, १९६० सालचाच. त्यामुळे धाक फार बसत नाही, समजूत घालूनच काम होतं.

२. दारातून आत घेताना

आलेल्या जनावराला लगेच कुरवाळायला जाऊ नका. गाडीतून उतरवा, सावलीत शांत जागी ठेवा, पाणी द्या आणि थोडा वेळ नुसतं लांबून बघा. चालताना पाय उचलून धरतंय का, मान वाकडी आहे का, लाळ गळतेय का, हे त्या वेळीच दिसतं. हात लागला की घाबरून ताठ होतं आणि काही कळत नाही.

मग वजन, दोन्ही बाजूंनी आणि समोरून फोटो, गळ्यातला पट्टा, कानाची खूण. मायक्रोचिप आहे का ते यंत्राने तपासा. त्यात १५ आकडी क्रमांक असतो आणि हरवलेल्या महागड्या जातीच्या कुत्र्यात तो सापडू शकतो. हिरड्या बघा. गुलाबी असाव्यात. पांढुरक्या असतील तर गोचीड तापाची शंका घ्या आणि डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. नाकातून रक्त येत असेल तर वाट बघूच नका. पिल्लाचं वय दातांवरून कळतं: साधारण चौथ्या महिन्यात दुधाचे दात पडू लागतात आणि सात महिन्यांपर्यंत पक्के दात येऊन होतात.

मालक स्वतः आणून देत असेल तर घाईने निरोप देऊ नका. एकदा तो गेला की त्याचा फोन लागत नाही. हस्तांतराच्या कागदावर सही, ओळखपत्राची प्रत, जुनं लसीकरण कार्ड. आणि हे प्रश्न: काय खातं, कुठे झोपतं, एकटं राहतं का, कशाला घाबरतं, कुणाला चावलंय का, चावलं तेव्हा नेमकं काय चाललं होतं. घरात कोणत्या भाषेत बोलतात तेही विचारा. पूर्व भागातल्या तेलुगू घरातलं कुत्रं "रा" म्हटल्यावर धावत येतं, अक्कलकोटकडचं "बा" ऐकल्यावर. आपण दिवसभर "ये, ये" करत बसतो आणि वहीत लिहितो, "हाकेला प्रतिसाद नाही."

हरवलेलं जनावर वेगळं. गळ्यात पट्ट्याचा वण, वाढलेली नखं, अंगाला शाम्पूचा वास असेल तर कुणीतरी शोधत असणार. ज्या भागात सापडलं तिथले प्राण्यांचे दवाखाने, चहाच्या टपऱ्या, किराणा दुकानं, तिथल्या व्हॉट्सअॅप गटांवर फोटो द्या. पण एखादी खूण मुद्दाम लपवून ठेवा. "माझाच आहे" म्हणणाऱ्याला ती खूण विचारायची. दिवाळीत आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं त्या सुमारास फटाक्यांनी बिथरून पळालेली कुत्री येतात. त्या दिवसांत कुणालाही दत्तक द्यायची घाई करू नका, मालक मागून येऊ शकतो.

३. वेगळं ठेवण्याचे दोन आठवडे

नवं जनावर कितीही ठणठणीत दिसलं तरी साधारण १४ दिवस इतरांपासून वेगळं. पिल्लांमध्ये पार्व्हो आणि डिस्टेंपर, मांजरांमध्ये पॅनल्युकोपेनिया हे आजार आत शिरले तर अख्खी पिल्लावळ जाते. पार्व्होची लक्षणं संसर्गानंतर साधारण तीन ते सात दिवसांनी दिसतात, डिस्टेंपरला आणखी वेळ लागू शकतो. म्हणजे आज उड्या मारणारं पिल्लू आजारी नाही, असं आज कुणीच सांगू शकत नाही.

कामाचा क्रम पाळा. आधी निरोगी पिल्लं, मग मोठी निरोगी कुत्री, मग वेगळी ठेवलेली, शेवटी आजारी. उलट क्रमाने कधीच नाही. वेगळ्या खोलीची चप्पल, झाडू, बादली, ताटल्या वेगळ्या आणि त्या तिथेच राहतात. "एकच मिनिट आत जाऊन येतो" म्हणणारा स्वयंसेवक हा रोगाचं सगळ्यात मोठं वाहन आहे.

साफसफाईत पाण्याचा प्रश्न येतो. टाकी भरली की सगळे पाइप सोडून फरशी धुतात आणि तिसऱ्या दिवशी प्यायला पाणी मोजून द्यावं लागतं. आधी विष्ठा, केस, उरलेलं अन्न कोरडं खरवडून उचला. मग साबणाचं पाणी, आणि फरशी स्वच्छ झाल्यावरच ब्लीच, ३० भाग पाण्यात १ भाग, निदान दहा मिनिटं ओलं ठेवून. घाणीवर ओतलेलं ब्लीच वाया जातं. पार्व्होचा विषाणू फिनाईलला सहज दाद देत नाही आणि मातीत महिनोन्महिने राहतो, म्हणून पिल्लांना मातीच्या अंगणात सोडायचं नाही. मांजरांच्या खोलीत फिनाईल पूर्ण बंद. त्यातली द्रव्यं मांजराच्या शरीराला पचत नाहीत, आणि मांजर पंजे चाटतं.

गोचीड हा सोलापूरच्या उन्हाळ्याचा खरा शत्रू. कुत्र्यावरची काढून उपयोग नाही, कारण मादी कुत्र्यावरून उतरून भिंतीच्या फटीत जाते आणि तिथे हजारो अंडी घालते. फटी सिमेंटने बुजवा, पलंगाखालची गोणपाटं बदला. औषध डॉक्टर सांगतील तेच आणि वजनाप्रमाणे. कुत्र्यांच्या गोचीड मारायच्या पर्मेथ्रिन औषधाच्या थेंबांनी मांजर मरू शकतं, त्यामुळे "थोडंसं लावलं तर काय होतंय" हे वाक्य आमच्याकडे चालत नाही. आणि खरजेच्या कुत्र्याला गाडीचं जळकं ऑइल फासून आणणारे लोक अजून भेटतात. त्यांच्यावर ओरडू नका, त्यांनी चांगल्या हेतूनेच केलेलं असतं. पण ते ऑइल कातडीतून आणि चाटण्यातून अंगात जातं आणि विषबाधा होते. सौम्य साबणाने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. खरजेचा एक प्रकार माणसालाही लागतो. हातमोजे घाला.

रेबीजबद्दल एकदाच आणि नीट ऐका. स्वभाव अचानक बदललाय, जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, पाणी गिळता येत नाही, झोकांड्या खातंय, असं जनावर दिसलं तर हात लावायचा नाही. दार बंद करून मोठ्यांना बोलवायचं. "घशात हाड अडकलंय बहुतेक" म्हणून तोंडात हात घालणाऱ्यांनी जीव गमावलेले आहेत. नियमित काम करणाराने आगाऊ लस घेतलेली असावी. चावलं किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा, वर हळद-चुना-मिरची काही नको, आणि त्याच दिवशी सिव्हिलला जा. सरकारी दवाखान्यात लस मिळते. आगाऊ लस घेतलेली असली तरी पुन्हा दोन डोस घ्यावे लागतात. दवाखान्यात जायची लाज वाटणाऱ्या माणसाला आम्ही कामावर ठेवत नाही.

४. खाणं, पाणी, ऊन

हाडं दिसणारं कुत्रं आलं की सगळ्यांनाच त्याला पोटभर घालावंसं वाटतं. तसं करू नका. अनेक दिवसांच्या उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न दिलं तर रक्तातले क्षार बिघडून जीव जाऊ शकतो. थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा, आणि प्रमाण डॉक्टर वाढवतील तसं.

रोजचं जेवण भात, चिकन, अंडं, गाजर-भोपळा, किंवा कोरडं खाद्य. लोक प्रेमाने घरचं उरलेलं आणून देतात. भाकरी चालते, पण शेंगाचटणी लावलेली नाही: त्यात लसूण, मीठ, तिखट तिन्ही आहेत. कांदा-लसणाने कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषारी आहेत. आपल्या जिल्ह्यात ते घरोघरी वाटीत पडलेले असतात, म्हणून दत्तक घेणाऱ्यालाही हे मुद्दाम सांगा. शिऱ्यातला बेदाणासुद्धा नको. गाईचं दूध बहुतेक मोठ्या कुत्र्या-मांजरांना जुलाब लावतं आणि अनाथ मांजरपिल्लाला ते पुरत नाही. त्याच्यासाठी वेगळी दूधपावडर मिळते. पिल्लाला पाजताना पोटावर पालथं धरा. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजलं की दूध फुप्फुसात जातं.

मार्च ते जूनचा मध्य वेगळ्या वेळापत्रकाने चालतो. पारा चाळीसच्या वर गेला की फिरवणं उजाडायच्या आत आणि दिवस मावळल्यावर. डांबरावर हाताची मागची बाजू टेकवा, तुम्हाला ठेवून धरवत नसेल तर त्यांचे पंजेही भाजणार. सिमेंटच्या कुंड्यांत पाणी, ओली गोणपाटं, छपरावर पांढरा रंग. पग, बुलडॉग, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्यांवर जास्त नजर ठेवा, आणि हस्कीवरही. सोलापुरात हस्की कुणी आणि का विकत घेतलं, हे विचारायचा मोह होतो. विचारू नका, फक्त पंख्याखाली ठेवा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. १०४ च्या पुढे गेलं, जोरात धापा, गडद लाल हिरड्या, लटपट, तर साधं गार पाणी अंगावर ओतत वारा घाला आणि लगेच दवाखान्यात न्या.

५. लस आणि नसबंदी

यात फार बोलण्यासारखं नाही, पाळण्यासारखं आहे. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून एकत्रित लस, दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, साधारण सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, मग बूस्टर आणि दर वर्षी. मोठं जनावर नसबंदी झाल्याशिवाय बाहेर जात नाही. पिल्लू लहान असेल तर नसबंदीची तारीख करारातच लिहायची आणि ती जवळ आली की आपणच फोन करायचा. मांजरीचं लवकर बघा, ती पाच-सहा महिन्यांतच गाभण राहू शकते. शस्त्रक्रियेनंतर टाके चाटू नयेत म्हणून साधारण दहा दिवस गळ्यात शंकूसारखी कॉलर. "बिचाऱ्याला त्रास होतो" म्हणून ती काढणारे लोक टाके उसवलेलं कुत्रं घेऊन रात्री अकराला येतात.

६. स्वभाव ओळखायचा कसा

आता खऱ्या कामाला लागू. आलेलं कुत्रं पहिले काही दिवस कोपऱ्यात बसून राहतं, काहीही केलं तरी हलत नाही. वहीत लोक लिहितात: "शांत, गरीब." ते शांत नसतं, गोठलेलं असतं. भीती ओसरली की त्याचा खरा स्वभाव बाहेर येतो, आणि तो गोड असू शकतो किंवा भांडकुदळ. म्हणून पहिल्या आठवड्यात स्वभावाबद्दल काहीच ठरवायचं नाही.

त्यानंतर वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांनी बघायचं. ताटलीजवळ कुणी गेलं तर काय करतं? दाढीवाला, हेल्मेटवाला, काठी घेतलेला माणूस दिसला तर? झाडू उचलला तर आकसतं का? मोटारसायकलच्या मागे धावतं का? दुसरी कुत्री, मांजरं, पळणारी मुलं? एकटं ठेवलं तर किती वेळाने ओरडायला लागतं? पट्टा लावला की चालतं की आडवं पडतं? मुलांची चाचणी खऱ्या मुलांवर करायची नसते. जाळीच्या बाहेरून, लांबून मुलांचा आवाज आला तर कान आणि शेपूट काय करतात ते बघायचं.

लिहिताना विशेषणं लिहू नका, घडलेलं लिहा. "चिडकं" या शब्दाने कुणाला काही कळत नाही. "हाड तोंडात असताना जवळ गेलं की गुरगुरतं, एरवी ताटली उचलली तरी काही करत नाही," यावरून एखादं घर ठरवू शकतं की आपल्याला जमेल का. गुरगुरण्याबद्दल कधीही मारू किंवा दटावू नका. ती सूचना आहे. ती बंद पाडली तर कुत्रं पुढच्या वेळी न सांगता चावतं.

मांजरांचं उलट. पिंजऱ्यात फिस्कारणारी मांजर घराच्या एका खोलीत चार दिवसांत मांडीवर येऊन बसते. त्यांना बाजूने झाकलेली पेटी द्या, उंचावर फळी द्या, आणि रेतीचं तबक जेवणापासून लांब ठेवा. मग मत बनवा.

शक्य असेल त्या प्रत्येक जनावराला काही दिवस फॉस्टर घरी, म्हणजे तात्पुरतं सांभाळणाऱ्यांकडे, पाठवा. घंटी वाजली, कुकरची शिट्टी झाली, टीव्ही लागला की काय करतं, हे शेल्टरमध्ये कितीही बसलात तरी कळणार नाही. फॉस्टर घराने पाठवलेला एक साधा व्हिडिओ आपल्या दहा पानांच्या नोंदींइतका उपयोगी पडतो.

७. जाहिरात

फोटो सकाळच्या उजेडात, जनावराच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून, जाळीच्या आत जाऊन. गजांआडचा फोटो दया मिळवतो, घर मिळवत नाही. मजकूर छोटा: वय, लिंग, नसबंदी, लस, कुणाबरोबर जमतं, कुणाबरोबर नाही, आणि कोणत्या घरात शोभेल. "आज नेलं नाही तर मरेल" असलं काही लिहायचं नाही. घाबरून नेलेलं जनावर घाबरूनच परत येतं. दोषही लिहा. "एक पाय लंगडा, जिने चढत नाही, तळमजल्याचं घर हवं" ही जाहिरात कमी लोक वाचतील, पण फोन करणारा कामाचा असेल.

जातिवंत मादी आली की पहिल्या दिवशी फोनांचा पाऊस पडतो. त्यातले काही पैदास करणारे असतात. "आमच्या नराला सोबत पाहिजे" म्हणतात. नसबंदी करूनच देऊ म्हटलं की फोन ठेवतात. तेवढीच गाळणी पुरते.

८. घर बघणं

ही पोलीस चौकशी नाही. पोरगा-पोरगी बघायला गेल्यासारखं दोन्हीकडून मोकळं बोलणं असावं. ज्याने फोन केला त्याच्या पलीकडे, घरात दिवसभर कोण असतं त्या व्यक्तीशी बोला. बऱ्याचदा हौस मुलाची आणि काम आईचं असतं. आई गप्प बसली असेल तर तिला थेट विचारा, "काकू, तुम्हाला चालणार आहे का?"

आणखी काय विचारायचं? तिरुपतीला किंवा गावी गेलात तर कोण बघेल. मुलं शिकायला पुण्याला गेली तर. भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी लेखी आहे का. अपार्टमेंटमध्ये सोसायटीवाले अडवत असतील, तर सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय. ते दाखवा. पण शेजाऱ्यांशी रोजचं भांडण कुत्र्याच्या नशिबी येणार असेल तर कागद हातात असूनही त्या घरात देताना मी दहा वेळा विचार करतो.

सोलापुरात शाकाहारी घरं पुष्कळ आहेत आणि हा विषय टाळून चालत नाही. अंडं चालेल का, पाकीटबंद कोरडं खाद्य चालेल का, हे आधीच विचारा. कुत्र्याचं डॉक्टरांच्या सल्ल्याने जमवता येतं. मांजराचं दूध-भातावर जमत नाही. मांसातून मिळणारं टॉरिन हे पोषक द्रव्य मिळालं नाही तर त्याचे डोळे आणि हृदय बिघडतं. ज्या घरात हे चालणार नाही त्यांना मांजर द्यायची नाही. यात त्यांच्या धर्माचा अपमान नाही, हे नीट समजावून सांगितलं तर बहुतेकांना पटतं.

प्रत्यक्ष घरी जाऊन या. गच्चीचा कठडा किती उंच, फाटकाखालून पिल्लू निसटेल का, मांजरासाठी खिडक्यांना जाळी आहे का. दारात आधीच जड साखळी टांगलेली दिसली तर तिच्याबद्दल विचारा. घरात किंवा शेजारी यंत्रमाग असेल तर तिथे पाच मिनिटं उभे राहा. आवाजाला घाबरणारं कुत्रं त्या खटखटीत वेडं होईल, पण तिथेच मागांच्या आवाजात वाढलेल्या कुत्र्याला तो आवाज ऐकूही येत नाही. घर वाईट नसतं, जोडी चुकते. म्हणून नाही म्हणताना "तुम्हाला देणार नाही" असं न म्हणता "हा कुत्रा तुमच्या घराला जमणार नाही, पण दुसरी एक आहे" असं म्हणता येतं, आणि ते खरंही असतं.

९. कागद आणि निघायचा दिवस

करारात मोजक्या गोष्टी: परस्पर कुणाला द्यायचं नाही, जमलं नाही तर आमच्याकडेच परत, नसबंदी आणि लस वेळेवर, कायमचं साखळीला बांधायचं नाही, आम्ही भेटायला येऊ. सोबत लसीकरण कार्ड, नसबंदीचा कागद, आणि वहीतल्या नोंदींची प्रत. हो, गुरगुरण्याच्या नोंदींसकट. कुत्रं पाळायच्या महापालिकेच्या परवान्याबद्दलही सांगून ठेवा.

रस्त्यावरचं मोठं कुत्रं कुणाला घरी न्यायचं असेल तर त्यालाही वाट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशानुसार प्राणिप्रेमींना महापालिकेकडे अर्ज करून भटकं कुत्रं दत्तक घेता येतं. मात्र ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्याची.

न्यायला सुट्टीच्या दिवशी सकाळी बोलवा, दिवाळीच्या आठवड्यात नाही. कुत्र्याला पट्टा आणि हार्नेस दोन्ही, दोन वेगळ्या दोऱ्यांनी. पळून जाण्याचा धोका पहिल्या दिवशीच सगळ्यात जास्त असतो, कारण त्याला अजून घर माहीतच नसतं. मांजर बंद पेटीतच. मोटारसायकलवर पिशवीतून मांजर नेणाऱ्यांना गेटवरून परत पाठवा.

१०. पहिले तीन महिने

एक ठोकताळा सगळीकडे वापरतात: तीन दिवस भेदरलेलं, तीन आठवड्यांत दिनक्रम कळतो, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. आमचे फोनही त्याच हिशेबाने ठरवा. तिसऱ्या दिवशीचा फोन सगळ्यात महत्त्वाचा. "खात नाही", "पलंगाखालून निघत नाही", "घरात शी केली" ही तक्रार ठरलेलीच असते. धीर द्या: नातेवाइकांना बघायला बोलावू नका, आंघोळ नको, बाजारात मिरवणं नको, एकाच खोलीत राहू द्या, खाण्याची वेळ ठरवा. मात्र पिल्लाने खाणं सोडून उलट्या-जुलाब सुरू केले तर धीर न देता दवाखान्यात पाठवा. मोठं मांजर दोन दिवस काहीच खात नसेल तरी तेच, यकृताला धोका असतो.

तिसऱ्या आठवड्यात खोड्या सुरू होतात. चपला चावणं, गेटवर भुंकणं, ताटलीवरून गुरगुरणं. इथे वहीतली नोंद कामाला येते: "आम्ही सांगितलं होतं, हाडाच्या वेळी जवळ जाऊ नका" असं म्हणता येतं, आणि घरच्यांना आपण फसवले गेलो असं वाटत नाही.

११. परत आलं तर

येतात काही. आणणारा माणूस आधीच ओशाळलेला असतो, त्याला गेटवर बोल लावू नका. बोल लावलेत तर पुढचा माणूस आपल्याकडे न येता जनावर रात्री कुठेतरी सोडून देईल. पाणी द्या, बसवा, आणि पेन उघडा: नेमकं काय झालं, कोणत्या वेळी, घरात कोण होतं, आधी काय काय करून पाहिलं, घरी काय चांगलं वागत होतं. शेवटचा प्रश्न विसरू नका. "घरात शी-शू कधीच केली नाही, लिफ्टला घाबरत नाही, म्हाताऱ्या आजीच्या पायाशी बसायचा," हे आपल्याला शेल्टरमध्ये कधीच कळलं नसतं. जुन्या पानाखाली तारीख टाकून हे लिहा, चौदा दिवस पुन्हा वेगळं ठेवा, आणि जाहिरातीचा मजकूर बदला. या वेळी त्यात आजी असलेलं घर हवं, असं लिहा.